‘डोकं फिरलंय’ म्हणण्याआधी



बाईच्या वागण्यात बदल झाला की त्याला नाव ठेवायला आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. गप्प बसायला लागली तर ‘फुगून बसलीय’, जास्त बोलायला लागली तर ‘जीभ सुटलीय’. भाजी करपली तर ‘लक्ष कुठंय हिचं’, सकाळी उठायला उशीर झाला तर ‘माज आलाय’. एकटीच हसली तर ‘बाहेरचं झालंय’, रडली तर ‘नाटकं’. चाळिशी उलटलेली असेल तर मग सगळ्यावर एकच उत्तर, ‘पाळी जातेय ना, व्हायचंच असं.’ आणि यातलं काहीच लागू पडलं नाही की शेवटचं ठेवणीतलं वाक्य निघतं, ‘डोकं फिरलंय तिचं.’

तोच बदल घरातल्या पुरुषात झाला तर? ‘दगदग फार होतेय, एकदा डॉक्टरला दाखवून आणा,’ असं निदान कोणीतरी म्हणतं. त्याचं बिघडलं तर तब्येत बिघडली, तिचं बिघडलं तर वळण बिघडलं. हा फरक आपल्याला नवा नाही. पण हा फरक जिवावर कसा बेततो, हे एका आजाराच्या निमित्ताने मला मांडायचं आहे.

त्या आजाराचं नाव जरा लांबलचक आहे : मेंदूचा आणि मज्जासंस्थेचा प्राथमिक लिम्फोमा. आपल्या शरीराचं जंतूंपासून रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. एरवी तो मानेत, काखेत, जांघेत गाठी होऊन दिसतो. हाताला गाठ लागते, बाई दवाखान्यात जाते. पण हा जो प्रकार आहे तो शरीरात दुसरीकडे कुठेच नसतो. तो मेंदूत, मेंदूवरच्या आवरणांत, मज्जारज्जूत किंवा डोळ्याच्या आतल्या भागात सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. हाताला काही लागत नाही. बहुधा ताप नाही, वजन घटत नाही. रक्ताच्या साध्या तपासण्याही अनेकदा ठीक येतात.

मग कळतं कशावरून? काहींना एका हातापायातली शक्ती कमी होते, बोलताना शब्द सापडत नाही, तोल जातो. काहींचं डोकं दुखतं, उलट्या होतात. थोड्या जणांना फिट येते. काहींना डोळ्यासमोर ठिपके तरंगताना दिसतात, अंधुक दिसतं. पण ही गाठ अनेकदा मेंदूच्या पुढच्या भागात किंवा अगदी खोलवर असते. आपला पुढाकार, आपली आठवण, कामाचा क्रम लावणं, कुठे काय बोलावं याचं भान, हे सगळं ज्या भागांवर अवलंबून आहे तिथे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात २४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या १०० पैकी ४३ जणांमध्ये सुरुवातीच्या लक्षणांत वागण्यातला, मनःस्थितीतला किंवा बुद्धीच्या कामातला बदल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बाबतीत हा आजार पहिल्यांदा ‘स्वभाव’ म्हणून दिसू शकतो.

आता हे वाक्य आपल्या घरांत नेऊन ठेवा. स्वभाव बदललेल्या बाईला आपल्या घरात कोण डॉक्टरकडे नेतं?

हा आजार दुर्मिळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींमध्ये त्याचं प्रमाण शंभरात चार-पाचाच्या आसपास. आपल्यातली प्रत्येक विसराळू, चिडलेली, थकलेली बाई याची रुग्ण नाही, आणि हे वाचून कोणी घाबरून जावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण हा आजार फार वेगाने वाढतो. उपचार झाले नाहीत तर हातात काही आठवडे किंवा थोडे महिने उरतात. आणि वेळेवर ओळखला तर औषधांना चांगली दाद देतो, काहीजणी पुढे कित्येक वर्षं जगतात. दिवसांचा हिशोब इतका कडक असताना त्यातले महिने ‘हिचं वागणं असंच’ म्हणण्यात गेले, तर त्या महिन्यांना जबाबदार कोण? फक्त आजार?

आमच्या संघटनेच्या कामात एका बचत गटाशी माझा जुना संबंध आहे. बारा जणींचा गट. त्यातली एक बाई नऊ वर्षं खजिनदार होती. शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशोब असा की बँकेतला माणूसही तिच्या वहीवर बोट ठेवू शकत नसे. वय एक्कावन्न. तिच्या वहीत चुका यायला लागल्या. एकीचा हप्ता दोनदा लिहिलेला, दुसरीचा लिहिलाच नाही. बेरजेची ओळ कोरी. बैठकीत ती भिंतीकडे बघत बसायची. विचारलं तर ‘हो, करते की,’ म्हणायची आणि करायची नाही. शेवटी चौदाशे रुपयांचा मेळ लागेना. गावात कुजबूज सुरू झाली की बाईने पैसे खाल्ले.

घरी वेगळंच चाललं होतं. नवरा म्हणायचा, ‘आळशी झालीय, नुसती ओट्यावर बसून राहते.’ सासू म्हणायची, अमावस्येला नदीवर गेली तेव्हापासूनच हे सुरू झालं. अंगारा, लिंबू, उतारा, सगळं झालं. गावातल्या डॉक्टरने पाळीचं वय म्हणून कॅल्शियम आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती आणखी सुस्त झाली आणि ‘आळशी’ या शब्दावर शिक्काच बसला.

हे सगळं थांबलं ते गटातल्या भाजी विकणाऱ्या मावशींमुळे. भर बैठकीत त्या म्हणाल्या, ‘जी बाई नऊ वर्षं रुपयाला चुकली नाही ती एका महिन्यात चोर होत नसते. तिला काहीतरी होतंय.’ मग आम्ही सगळ्यांनी वही मागची पुढची चाळली. तीन महिन्यांत अक्षर बदललेलं दिसत होतं. आकडे बारीक होत गेलेले, ओळ खाली घसरत गेलेली, एका पानावर तर तारीखच मागच्या वर्षीची. चोरीचा पुरावा म्हणून ज्या वहीकडे बोट दाखवलं जात होतं, तीच वही तिच्या आजाराचा पहिला केसपेपर ठरली. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांना आम्ही ती दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि सीटी स्कॅन करायला सांगितला. मेंदूत गाठ आणि सूज होती.

पुढे जे घडलं ते मुद्दाम तपशिलात सांगते, कारण ते प्रत्येक कार्यकर्तीला माहीत असायला हवं. सूज कमी व्हावी म्हणून तिला तिथल्या दवाखान्यात लगेच स्टेरॉइड सुरू केलं. आठ दिवसांत बाई उठून बसली, नातवाला नावाने हाक मारली, थट्टा केली. घरात आनंदीआनंद. अंगाऱ्याचा गुण आला असंही काहींनी ठरवलं. मुंबईला जायची घाई कशाला, असं म्हणून तीन आठवडे गेले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर नवीन एमआरआय झाला तेव्हा गाठ जवळजवळ दिसेनाशी झालेली होती. कवटीला बारीक भोक पाडून तुकडा काढला, तर तपासणीत काही निष्पन्न झालं नाही. स्टेरॉइड हळूहळू बंद करून वाट बघावी लागली. दीड महिन्याने ती न्हाणीघरात पडली, उजवी बाजू लुळी झाली होती. पुन्हा बायोप्सी, आणि तेव्हा निदान झालं. पहिल्या चुकलेल्या बेरजेपासून निदानापर्यंत सात महिने.

लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, पण तात्पुरत्या. गाठ काही आठवड्यांसाठी विरघळते, मग परत येते, आणि मधल्या काळात घेतलेल्या तुकड्यात तिची ओळख पटत नाही. म्हणून या आजाराची शंका असेल आणि जीव तातडीच्या धोक्यात नसेल, तर आधी बायोप्सी आणि मग स्टेरॉइड असा क्रम असतो. सूज फार वाढली असेल तर डॉक्टरांना आधी द्यावंच लागतं, आणि तो निर्णय त्यांचाच. सुरू असलेलं स्टेरॉइड मनाने एकाएकी बंद करणंही धोक्याचं. आपण एवढंच विचारू शकतो : ‘हा लिम्फोमा असू शकतो का? असेल तर बायोप्सीआधी हे औषध द्यायलाच हवं का?’ या दोन प्रश्नांना पैसे पडत नाहीत. गावागावात अंगदुखीपासून दम्यापर्यंत कशावरही स्टेरॉइड सर्रास दिलं जातं, तेव्हा आधी कोणती इंजेक्शनं, कोणत्या गोळ्या झाल्यात त्याची चिठ्ठी जपून ठेवणं हेही आपलंच काम.

आता आपल्या चळवळीतल्या एका मुद्द्याकडे येते. अनेक वर्षं आपण ठासून सांगत आलो की बाईचं दुःख तिच्या डोक्यात नसतं, तिच्या परिस्थितीत असतं. मार खाणाऱ्या बाईला झोपेची गोळी देऊन घरी पाठवणं म्हणजे हिंसेवर पांघरूण घालणं, हे आपणच दाखवून दिलं. ‘वेडी’ ठरवून बायकांना माहेरी धाडलं जातं, मनोरुग्णालयात टाकलं जातं, घटस्फोटाचे अर्ज केले जातात, हे आपण उजेडात आणलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्याचा वापर कोणाविरुद्ध कसा होतो हे सल्ला केंद्रात बसणाऱ्या कोणालाही सांगायला नको. ती मांडणी बरोबर होती, आजही बरोबर आहे.

पण तिच्यात एका ओळीची भर घालायला हवी असं माझं मत आहे. परिस्थितीलाही शरीर असतं. नवरा मारतो म्हणून ती गप्प झाली हे खरं असू शकतं, आणि त्याच वेळी तिच्या मेंदूत गाठ वाढत असू शकते. सासू म्हणते ‘बाहेरचं’, डॉक्टर म्हणतो ‘पाळी’, आणि आपण म्हणतो ‘दडपण’. तिन्ही उत्तरं सारख्या योग्यतेची नाहीत, हे उघड आहे. पण तिन्हींमध्ये एक धोका सारखा आहे : उत्तर आधी तयार असतं आणि बाईकडे बघणं नंतर होतं. मावशींनी काय केलं? कुठलंच उत्तर दिलं नाही. नऊ वर्षांची बाई आणि आत्ताची बाई शेजारी ठेवून पाहिली. सल्ला केंद्रात आपल्याला हेच करावं लागेल. तिची हकीकत ऐकायची, हिंसेची नोंद घ्यायची, आणि सोबत हेही विचारायचं की हा बदल कधीपासून, किती झपाट्याने, आणि अंगात आणखी काय बदललंय.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘अगं, ती वेडी नाही, तिला ट्यूमर आहे,’ असं म्हणून अनेकदा नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. जणू ट्यूमर असला तर बाई निर्दोष, आणि मनाचा आजार असला तर दोषी! मेंदू आणि मन यांच्यात अशी सोवळ्याओवळ्याची भिंत आपण घालायची नाही. नैराश्य असलेल्या बाईलाही तितकाच आदर आणि तितकेच उपचार मिळायला हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट म्हटलं आहे की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत न बसणं हे मानसिक आजाराचं कारण धरता येणार नाही. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. हे दोन्ही कायदे गटाच्या भिंतीवर लावण्यासारखे आहेत.

निदान झाल्यावर लढाई संपत नाही, तिथे घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न सुरू होतो. या आजारात मेंदूतली गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकणं हा मुख्य उपचार नसतो. मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट, मोठ्या मात्रेत, शिरेतून. रक्तातून मेंदूत शिरायला औषधांना एक नैसर्गिक अडसर असतो, तो ओलांडण्यासाठी मात्रा मोठी लागते. त्यासोबत रिटुक्सिमॅब, सायटाराबिन, टेमोझोलोमाइड अशी औषधं रुग्ण बघून दिली जातात. प्रत्येक वेळी काही दिवस भरती व्हावं लागतं. सलाइन भरपूर, लघवी अल्कधर्मी ठेवायची, मूत्रपिंडाकडे लक्ष, रक्तातली औषधाची पातळी तपासायची, आणि ठरल्या वेळी ल्युकोव्होरिन नावाचा उतारा द्यायचा. असं दर दोन-तीन आठवड्यांनी, कित्येक महिने.

या औषधामागे एक गोष्ट आहे, ती आपल्या मासिकात यायलाच हवी. १९२८ च्या सुमाराला लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचा शोध घेण्यासाठी. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चालत असे. या बायका काय खातात, किती निकृष्ट खातात, हे तिने पाहिलं आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कात जे होतं त्यालाच पुढे फोलेट हे नाव मिळालं. आज आपल्या गरोदर बायकांना मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी तिथून आली. फोलेट समजलं म्हणून फोलेटला अडवणारी औषधं बनवता आली, आणि त्या कामात भीमावरमचे शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा अमेरिकेत मोठा वाटा होता. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं. आणि त्याचा उतारा ल्युकोव्होरिन हे फोलेटचंच एक रूप. परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झालं, आज कर्करोगाच्या रुग्णांना हे औषध दिलं जातं. ज्ञानाची सुरुवात गिरणगावातल्या कष्टकरी बायकांच्या रक्तातून झाली. म्हणून त्या ज्ञानावर पहिला हक्क कोणाचा, हे आपण ठणकावून सांगू शकतो. औषध जुनं आहे, त्यामानाने स्वस्त आहे. महाग आहे ते तिथपर्यंत पोचणं.

कारण दर दोन आठवड्यांनी मुंबईला जायचं तर सोबत कोण? बायकांच्या वॉर्डात रात्री थांबायला बहुतेक ठिकाणी बाई नातेवाईकच लागते. म्हणजे आई, बहीण, लेक, भावजय. तिचा रोज बुडतो. लेक असेल तर तिची शाळा बुडते. नवरा आजारी असता तर बायको सोबत गेली असती, त्याची कोणी चर्चाही केली नसती. आमच्या खजिनदारीण बाईच्या वेळी गटातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. दोघी मुंबईला, एक तिच्या घरी स्वयंपाकाला, एक गुरांना. नवरा पहिल्या दोन खेपांना आला, नंतर म्हणाला, ‘ताई, तुम्ही आहात की.’ ही ‘ताई, तुम्ही आहात की’ व्यवस्थाच आपल्या देशातली सगळ्यात मोठी आरोग्य योजना आहे, आणि तिचं अंदाजपत्रक कुठल्याच सरकारने कधी मांडलेलं नाही.

निदान तो सोडून गेला नाही, असं कोणी म्हणेल. सोडून जाणंही काही अपवाद नाही. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूची गाठ, इतर कर्करोग किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिस झालेल्या ५१५ विवाहित रुग्णांची पाहणी होती. पुरुष आजारी असताना लग्न मोडल्याचं प्रमाण शंभरात २.९ होतं. बाई आजारी असताना २०.८. सातपट! तिकडे निदान घटस्फोट होतो, तो कागदावर मोजता तरी येतो. आपल्याकडे ‘जरा बरं वाटेपर्यंत माहेरी राहू दे’ असं म्हणून सोडलेल्या बाईची मोजदाद कुठे होते? तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर असतं, ते कार्ड सासरी असतं, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायला कागद लागतात. आजारी बाईला माहेरी पाठवताना तिच्यासोबत तिचं आधार कार्ड आणि रेशनकार्डाची प्रत आहे ना, हे बघणं हाही आरोग्याचाच कार्यक्रम आहे.

एचआयव्हीचा विषय टाळून चालणार नाही. प्रतिकारशक्ती फार खालावली की हा लिम्फोमा होण्याचा धोका खूप वाढतो. तिथे बहुतेक वेळा एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूचा हात असतो. १९८० आणि ९० च्या दशकात एड्सच्या शेवटच्या टप्प्यात हा आजार बराच दिसत असे. १९९६ नंतर औषधांचे परिणामकारक संयोग आले आणि त्याचं प्रमाण घटलं. आपल्या देशात सरकारी मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाले. मधल्या वर्षांत किती विधवा नवऱ्याच्या मागे दीर-सासऱ्यांनी घराबाहेर काढल्या आणि ‘भ्रमिष्ट होऊन गेली’ एवढ्याच नोंदीवर संपल्या, ते आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्या जाणतात. त्यांच्या मेंदूत काय होतं हे कोणी पाहिलंच नाही.

म्हणूनच मेंदूत अशी गाठ दिसली की एचआयव्हीची तपासणी करावीच लागते, उपचार त्यावर ठरतात. पण ती तिला समजावून, तिच्या संमतीने व्हायला हवी. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा हेच सांगतो, आणि राहत्या घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्कही देतो. तपासणी सांगितली म्हणजे चारित्र्यावर संशय घेतला असं नाही, हे नातेवाईकांना बजावायचं काम आपलं. बहुसंख्य रुग्णांना एचआयव्ही नसतोच, हेही सांगायचं.

शेवटचा मुद्दा संमतीचा. वय साठच्या पुढे असेल तर संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिल्यावर पुढे स्मृती, चाल, लघवीवरचा ताबा यांवर कायमचा परिणाम होण्याचा धोका मोठा असतो. काही वेळा तरीही ते द्यावे लागतात, काही वेळा टाळता येतात. आयुष्य किती आणि कसलं, असा हा प्रश्न आहे. तो कोणाला विचारला जातो? वॉर्डाबाहेर नवऱ्याला किंवा मुलाला. ‘तिला काय कळतंय आता?’ पण या आजारात समज रोज सारखी नसते. सकाळी कळतं, संध्याकाळी कळत नाही. औषधाने सूज उतरली की आठवड्याभरात कळायला लागतं. तेव्हा तिच्या चांगल्या वेळी, तिच्या भाषेत, दोनदा तीनदा विचारा. आमच्या त्या बाईला विचारलं तेव्हा ती सावकाश म्हणाली, ‘वही नाही जमली तरी चालंल, पण माणसं ओळखू आली पायजेत.’ डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं, आणि औषधांना चांगली दाद मिळाल्यामुळे किरणोपचार पुढे ढकलले. आज तीन वर्षं झाली. वही दुसरीकडे गेली, पण बैठकीला ती असते. चौदाशे रुपयांचा मेळही लागला. एकाच हप्त्याच्या दुबार नोंदी होत्या, पैसे कुठेच गेले नव्हते.

तर करायचं काय? माझं म्हणणं असं : प्रत्येक सल्ला केंद्राच्या नोंदवहीत एक साधा रकाना वाढवूया, ‘अलीकडे झालेला बदल’. थोड्या आठवड्यांत स्वभाव पालटला का, नेहमीचं काम चुकतंय का, अक्षर, चाल, बोलणं, नजर बदलली का, डोकेदुखी, उलटी, फिट आहे का. यातली दोन उत्तरं ‘हो’ आली तर अंगारा, टॉनिक आणि आपलं समुपदेशन या तिन्हींच्या आधी मेंदूच्या डॉक्टरकडे चिठ्ठी. सरकारकडे मागण्याही आहेत : जिल्हा रुग्णालयांत एमआरआय आणि मेंदूचा तज्ज्ञ, सोबत येणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजाची भरपाई, आणि एकट्या बाईला तिच्या एकटीच्या नावावर आरोग्य योजनेचा लाभ.

आणि एक गोष्ट कोणाकडेही न मागता आजपासून करता येईल. शेजारणीबद्दल, जावेबद्दल, सुनेबद्दल ‘डोकं फिरलंय’ हे शब्द ओठावर येतील तेव्हा ते तिथेच थांबवायचे आणि तिलाच विचारायचं, ‘काय होतंय गं तुला?’ पुढच्या अंकासाठी तुमच्या भागातले अनुभव लिहून पाठवा. नावं नकोत, पण किती महिने कोणकोणत्या शब्दांत गेले, ते नक्की लिहा.